मासेमारी जहाजावरची वेठबिगारी उपग्रहातून कशी ओळखतात?

माझं रोजचं काम ट्रकच्या जीपीएस डेटाचं आहे. कुठला ट्रक थांबला, कुठला ठरलेला रस्ता सोडून गेला, कुणाचं यंत्र गप्प बसलं, हे शोधणारा कोड मी लिहिते. त्यामुळे ऑफिसमधल्या एका मित्राने ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा दाखवला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, अरे, हे तर आपलंच काम, फक्त पाण्यावर! नकाशा फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, आणि जगभरातल्या मोठ्या जहाजांनी कुठे किती तास मासे पकडले ते त्यात दिसतं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी तो झूम करत बसले होते.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की काही संशोधक या ठिपक्यांतून फक्त चोरीची मासळी शोधत नाहीयेत. जहाजावरची माणसं तिथे स्वखुशीने आहेत की डांबून ठेवलेली, हेही त्यांना ठिपक्यांवरूनच ओळखायचंय. हे मला पटायला जड गेलं. आजही अर्धंच पटलंय. यात कुठली तंत्रं वापरतात, ती काय पकडतात आणि कुठे गंडतात, ते सांगते. पण सुरुवात तंत्रज्ञानापासून केली तर चुकेल, म्हणून आधी एक गाव.

बेंजिना

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, अरू बेटांमध्ये बेंजिना नावाचं छोटं बंदर आहे. मार्च २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी तिथली बातमी दिली. थायलंडमधून आलेल्या ट्रॉलरवर बहुतेक म्यानमारची माणसं राबत होती. दलालांनी थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून आणलं, आणि तिथून जहाजावर चढवलं. दिवसाला २० ते २२ तास काम, पगार नाहीच किंवा नावापुरता. विरोध केला तर मार. पळून जाण्याची शक्यता वाटली त्या माणसांना कंपनीच्या आवारात पिंजऱ्यात कोंडलेलं होतं. पिंजरा हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाहीये. लोखंडी गज असलेला, कुलूप लावलेला पिंजरा, आणि त्याचं चित्रीकरण आहे.

गावात या खलाशांची एक दफनभूमी होती. तिथल्या पाट्यांवर मेलेल्यांची खरी नावं नव्हती. जहाजावर चढवताना त्यांना खोटी कागदपत्रं आणि थाई नावं दिली जायची, तीच नावं मेल्यावरही लागली.

पत्रकारांनी तिथली मासळी एका मोठ्या शीतगृह-जहाजावर चढताना पाहिली. त्या जहाजाचं नाव सिल्व्हर सी लाइन. मग त्याच्या सिग्नलचा उपग्रहाद्वारे १५ दिवस माग काढत त्यांनी ते थायलंडच्या समुत साखोन बंदरात पोचताना पाहिलं. तिथे रात्री धक्क्यावरून निघणाऱ्या ट्रकच्या मागे गाड्या लावून माल कुठल्या कारखान्यात, कुठल्या शीतगृहात जातो ते टिपलं. पुढे अमेरिकेच्या कस्टम्सच्या नोंदी काढून दाखवलं की हीच साखळी अमेरिकेतल्या मोठमोठ्या किराणा दुकानांपर्यंत आणि मांजरांच्या खाण्याच्या डब्यांपर्यंत जाते. बातमी छापण्याआधी, ज्या माणसांच्या मुलाखती घेतल्या त्यांना तिथून सुरक्षित बाहेर काढलं गेलं. त्यानंतर एकूण दोन हजारांहून जास्त माणसं सुटली. त्यांतला एक २२ वर्षांनी आईला भेटला. या कामाला २०१६ चं सार्वजनिक सेवेसाठीचं पुलित्झर मिळालं.

याच प्रकरणात पुढे एक फोटो निघाला. जुलै २०१५ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्रात सिल्व्हर सी २ हे त्याच ताफ्यातलं जहाज, आणि त्याला खेटून उभे असलेले दोन ट्रॉलर. काढणारा कॅमेरा अवकाशात. ऑगस्टमध्ये इंडोनेशियाच्या नौदलाने ते जहाज पकडलं. मी हा फोटो बऱ्याच टेक प्रेझेंटेशनमध्ये पाहिलाय, 'उपग्रहाने गुलामी पकडली' अशा मथळ्याखाली. पण कॅमेरा कुठे वळवायचा हे कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. कुठलं जहाज शोधायचं ते आधी जमिनीवर केलेल्या कामातून, पिंजऱ्यातल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलून कळलं होतं.

जहाज बंदरात येतच नाही

सिल्व्हर सी सारख्या जहाजाला रीफर म्हणतात. तरंगतं शीतगृहच. मासेमारी जहाज पकडलेला माल समुद्रातच रीफरवर चढवतं आणि बदल्यात डिझेल, तांदूळ, आमिष, कधी नवीन माणसं घेतं. यामुळे ते महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त, बंदरात न येता काम करू शकतं. बऱ्याच ठिकाणी ही पद्धत परवानगी घेऊन कायदेशीर आहे, आणि आर्थिकदृष्ट्या शहाणपणाची आहे.

पण खलाशाच्या बाजूने बघा. बंदर म्हणजे त्याला उतरता येईल अशी एकमेव जागा. बंदर म्हणजे पोलीस, डॉक्टर, फोनची रेंज, घरी पैसे पाठवायचं दुकान. रीफर हे सगळं काढून घेतो. २०२० मध्ये लाँग शिंग ६२९ या चिनी जहाजाचं प्रकरण गाजलं. त्यावरचे इंडोनेशियन खलाशी १३ महिने बंदराला लागले नव्हते. चार जण मेले, त्यांतल्या तिघांचे मृतदेह समुद्रात सोडले गेले आणि त्याचा व्हिडिओ दक्षिण कोरियाच्या टीव्हीवर आला. मे २०२१ मध्ये अमेरिकेने त्या जहाजाच्या मालक कंपनीच्या सगळ्याच ताफ्याची मासळी आयात करणं थांबवलं. तोपर्यंत अशी बंदी एकेका जहाजापुरती असायची.

मालाच्या बाजूनेही रीफर हीच अडचण. दहा जहाजांचा ट्यूना एका तळघरात एकत्र गोठला की कुठला मासा कुणी पकडला हे सांगणं अशक्य होतं. 'ब्लॉकचेनवर मासळी' असे प्रकल्प मी हौसेने वाचते, पण पहिली नोंदच जर कप्तान स्वतः टाईप करणार असेल, तर पुढची साखळी कितीही न बदलणारी असून काय उपयोग? खोटी नोंदही मग कायमचीच.

आणि मजुरीवरच घाव का? कारण बाकी खर्च कमी होत नाही. किनाऱ्याजवळची मासळी संपत गेली, तशी जहाजं लांब जायला लागली. लांब म्हणजे जास्त डिझेल. २०१८ मध्ये खुल्या समुद्रातल्या मासेमारीचा हिशोब मांडणारा एक अभ्यास आला. त्यात निघालं की सरकारी अनुदान नसतं तर तिथल्या जवळजवळ ५४ टक्के क्षेत्रातली मासेमारी आतबट्ट्याची ठरली असती. डिझेलचा भाव कप्तानाच्या हातात नाही. माणसाचा भाव असतो. यात कर्जाचा फास कसा बसतो हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला मुकादम जशी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो, तसंच इथे दलालाची रक्कम, कागदपत्रांचा खर्च, जेवणाचा खर्च माणसाच्या नावावर चढतो. फरक एवढाच की उसाच्या फडातून रात्री चालत निघून जाण्याची निदान शक्यता असते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार किमान १,२८,००० मच्छीमार अशा सक्तीच्या मजुरीत अडकलेले आहेत. संघटनाच म्हणते की प्रत्यक्षात जास्त असणार, कारण मोजायला तिथे जाणार कोण?

ठिपका येतो कुठून

आता आपल्या विषयाकडे. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते व्हीएचएफ रेडिओवर, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास, सतत ओरडत असतं: मी अमुक क्रमांकाचं जहाज, इथे आहे, या दिशेला, इतक्या वेगाने. चालू जहाज दर काही सेकंदांनी, नांगर टाकलेलं दर तीन मिनिटांनी. मूळ हेतू पाळत ठेवण्याचा नव्हताच. धुक्यात दोन जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून हे आलं.

मूळ हेतू लक्षात ठेवला की पुढच्या सगळ्या खोड्या समजतात. एका चॅनेलवर एका मिनिटात २,२५० फटी असतात आणि आसपासची जहाजं आपसांत ठरवून एकेक फट वापरतात. समुद्रसपाटीवर हे छान चालतं, कारण रेडिओला क्षितिजापलीकडचं ऐकू येत नाही. उपग्रहाला मात्र एकाच वेळी हजारो जहाजं ऐकू येतात आणि ती आपसांत ठरवून बोलत नसतात. यात्रेतल्या गर्दीत वरून माईक सोडला तर काय ऐकू येईल, तसं. त्यामुळे दक्षिण चीन समुद्रासारख्या गजबजलेल्या भागात उपग्रहाकडचे सिग्नल एकमेकांवर चढतात आणि हरवतात. छोट्या बोटींवरचं क्लास बी यंत्र तर २ वॅटचं असतं, मोठ्यांचं १२.५ वॅटचं.

दुसरी खोडी ओळखीची. जहाजाचा नऊ आकडी क्रमांक यंत्रात कुणीतरी टाईप करतं. पासवर्ड नाही, सही नाही, पडताळणी नाही. भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो, पण यंत्रात दुसरा कुठलाही टाकायला तुम्हाला कोणी अडवत नाही. यावर उतारा म्हणजे जहाजाच्या सांगाड्याला जन्मभरासाठी चिकटलेला सात आकडी आयएमओ क्रमांक. नाव बदललं, झेंडा बदलला, मालक बदलला तरी तो तोच राहतो. त्यात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो : पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घेऊन करून बघा, बेरीज १३९ येते. (मी लगेच तीन ओळींचं फंक्शन लिहून पाहिलं. सवय.) पण अनेक वर्षं हा क्रमांक मासेमारी जहाजांना मिळतच नव्हता. २०१३ नंतर तो त्यांना खुला झाला, तोही सक्तीने नाही.

तरीही उपलब्ध डेटातून बरंच निघतं, कारण मासेमारीची चाल लपत नाही. ट्रॉलर जाळं ओढताना ३ ते ५ नॉटच्या वेगाने ये-जा करतो. लाँगलाइनर कित्येक किलोमीटर लांबीची, हजारो गळांची दोरी सोडत जातो, थांबतो, मग तीच दोरी गोळा करत परत येतो. माकूळ पकडणारं जहाज, म्हणजे हॉटेलच्या मेन्यूतला स्क्विड, रात्रभर दिवे लावून जवळपास एका जागी तरंगतं. नकाशावर या तिघांची नक्षी इतकी वेगळी दिसते की थोड्या सरावाने तुम्हीसुद्धा ओळखाल. ग्लोबल फिशिंग वॉचने हेच न्यूरल नेटवर्कला शिकवलं. २०१२ ते २०१६ मधले २,२०० कोटी सिग्नल वापरून ७० हजारांहून जास्त जहाजांची मासेमारी त्यांनी मोजली, आणि २०१८ मध्ये ते सायन्स नियतकालिकात आलं.

रीफरची भेटही अशीच ओळखतात. मासेमारी जहाज आणि रीफर एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत, किमान दोन तास, वेग २ नॉटहून कमी, आणि नांगरण्याच्या जागेपासून किमान १० किलोमीटर लांब. माझ्या ट्रकच्या कोडमध्ये डिझेलचोरी पकडायला लिहिलेला नियम याच्या सख्ख्या भावासारखा दिसतो.

यंत्रच बंद केलं तर

मग यंत्र बंद करायचं, संपलं. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत हेतुपुरस्सर बंद केल्याच्या ५५ हजारांहून जास्त संशयित घटना एका अभ्यासाने मोजल्या. हेतुपुरस्सर हा शब्द महत्त्वाचा. वर सांगितलं तसं सिग्नल आपोआपही हरवतो, त्यामुळे आधी 'या भागात, या यंत्राचा सिग्नल एरवी किती वेळा मिळतो' हे मोजावं लागतं. शिवाय कारण नेहमी काळंच असेल असंही नाही. चाच्यांच्या भीतीने बंद करतात. चांगली जागा सापडली तर शेजारच्याला कळू नये म्हणूनही करतात, हे तर आपल्या कोणत्याही तांडेलाला विचारा.

गप्प जहाज बघायचे दोन मार्ग आहेत. एक रडार. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. धातूचं जहाज पाण्यावर ठळक ठिपका होऊन चमकतं, मग ढग असोत की रात्र. या ठिपक्यांची एआयएसशी जुळणी केली, की जे जुळत नाहीत ते 'अंधारातले'. जानेवारी २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामानुसार जगातल्या औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी ७२ ते ७६ टक्के सार्वजनिक नकाशावर दिसतच नाहीत, आणि त्यांचं प्रमाण आफ्रिका आणि दक्षिण आशियाभोवती जास्त. हा आकडा वाचून 'पाऊण ताफा चोर' असा अर्थ काढू नका. अनेक देशांत एआयएसची सक्तीच नाही. काही देशांत वेगळं यंत्र असतं, त्याचा डेटा फक्त सरकारला जातो. इंडोनेशियाने तो डेटा २०१७ मध्ये सार्वजनिक केला आणि एका दिवसात हजारो जहाजं नकाशावर उगवली, तेव्हा कौतुक झालं ते यासाठीच.

दुसरा मार्ग दिव्यांचा. माकूळ प्रकाशाकडे येतो, त्यामुळे ही जहाजं एवढी झगझगीत असतात की रात्री अवकाशातून दिसतात. रडार, दिवे, साधे फोटो आणि एआयएस असं सगळं एकत्र करून संशोधकांनी दाखवलं की २०१७ मध्ये चीनहून आलेली ९०० हून जास्त जहाजं उत्तर कोरियाच्या पाण्यात मासेमारी करत होती, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध असताना. दोन वर्षांत अंदाजे १,६४,००० टन माकूळ. या ताफ्याने हुसकावलेल्या उत्तर कोरियाच्या छोट्या लाकडी बोटी लांब रशियाच्या पाण्यात जायला लागल्या. त्यांना तेवढा समुद्र झेपणारा नव्हता. जपानच्या किनाऱ्याला वर्षानुवर्षं मोडक्या बोटी लागत होत्या, काहींत मृतदेह, आणि का ते कळत नव्हतं. त्याचं बरंचसं उत्तर या डेटात होतं.

माणसं ओळखणारं मॉडेल

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या पीएनएएस नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाचा दावा असा : सक्तीची मजुरी असलेली जहाजं वेगळी 'वागतात'. बंदरापासून जास्त लांब जातात, दिवसाला जास्त तास मासे पकडतात, फेऱ्या कमी पण लांबलचक करतात. मग १६ हजार औद्योगिक जहाजांच्या २०१२ ते २०१८ च्या हालचालींवर मॉडेल चालवलं. निकाल : १४ ते २६ टक्के जहाजं जास्त जोखमीची, त्यांवर अंदाजे ५७ हजार ते १ लाख माणसं.

यातली इंजिनिअरिंगची अडचण भारी आहे. एरवी आपण मॉडेलला 'हो' ची उदाहरणं देतो आणि 'नाही' ची देतो. इथे 'हो' ची मोजकीच आहेत, ज्या जहाजांची प्रकरणं उघड झाली ती. 'नाही' चं एकही नाही. एखाद्या जहाजावर सगळं ठीक आहे हे खात्रीने कुणी सांगितलंय? उरलेली सगळी 'माहीत नाही'. यासाठी पॉझिटिव्ह-अनलेबल्ड लर्निंग नावाची पद्धत आहे आणि त्यांनी तीच वापरली. प्रामाणिक पद्धत आहे. पण तिचं एक गृहीतक असतं, की सापडलेली 'हो' उदाहरणं एकूण 'हो' ची साधारण प्रतिनिधी आहेत. इथे तसं आहे का? जी जहाजं उघड झाली ती पत्रकार पोचू शकले, खलाशी पळू शकले अशी. ज्यावरून कुणीच पळू शकलं नाही त्या जहाजाची चाल मॉडेलला कुणी दाखवलेलीच नाही.

हे मी जरा जास्त तावातावाने लिहितेय, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी मी 'संशयास्पद थांबा' ओळखणारं मॉडेल केलं होतं. एका ड्रायव्हरचा ट्रक घाटात अकरा तास उभा, त्यातले चार तास सिग्नल गायब. मॉडेल म्हणालं ९३ टक्के संशयास्पद. ग्राहकाने त्याच्या फेरीचे पैसे कापले. दरड कोसळून रस्ता बंद होता आणि तिथे नेटवर्क नव्हतं, हे आम्हाला महिन्याने कळलं, तेही त्याच्या भाच्याला इंग्रजीत ईमेल लिहिता येत होता म्हणून. नंतर मी आमचे अचूकतेचे आकडे उघडून पाहिले. ज्या इशाऱ्यांवर कुणी तक्रार केली नव्हती, ते सगळे आम्ही 'बरोबर' धरले होते.

म्हणून अशा मॉडेलचा उपयोग कशासाठी, हा प्रश्न मला अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. तपासणी अधिकाऱ्याकडे दिवसाला पाच जहाजं बघायचा वेळ असेल आणि धक्क्याला पन्नास लागली असतील, तर कुठली पाच, हे सांगायला मॉडेल उत्तम. २०१६ पासून लागू असलेल्या बंदर-राज्य कराराने देशांना परदेशी मासेमारी जहाज बंदरात घेण्याआधी चौकशीचा, नाकारण्याचा अधिकार दिलाय. तिथे हा डेटा खरंच कामाला येतो. पण तेच मॉडेल आयातदाराच्या हातात गेलं की त्याचा 'स्वच्छ' शिक्का होतो. हिरवा ठिपका आहे ना, मग घ्या माल.

धक्क्यावर कोण काय विचारतं

बेंजिनानंतर थायलंडने बरंच केलं, हे मान्य करायला हवं. युरोपीय संघाने एप्रिल २०१५ मध्ये पिवळं कार्ड दाखवलं होतं, म्हणजे सुधारा नाहीतर मासळी घेणार नाही. थायलंडने नवीन कायदा केला, ३० टनांवरच्या जहाजांना मागोवा-यंत्र सक्तीचं केलं, बंदरातून निघताना आणि येताना तपासणीची केंद्रं काढली. जानेवारी २०१९ मध्ये पिवळं कार्ड निघालं. त्याच महिन्यात मच्छीमारांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८८, मान्य करणारा तो आशियातला पहिला देश ठरला.

पण एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २०१५ च्या थायलंड सरकारच्याच अहवालानुसार ४,७४,३३४ मासेमारी कामगारांची तपासणी झाली आणि सक्तीच्या मजुरीचं एकही प्रकरण सापडलं नाही. एकही नाही. बेंजिना ज्या वर्षी उघडकीला आलं त्या वर्षी! पावणेपाच लाख इनपुट देऊन प्रत्येक वेळी शून्य येत असेल, तर कुठलाही प्रोग्रामर आधी टेस्ट तपासेल. ह्युमन राइट्स वॉचने २०१८ मध्ये ती टेस्टच तपासली. खलाशांना रांगेत उभं करायचं, कागदपत्रांशी चेहरे जुळवायचे, बोलायचं ते कप्तानाशी. दुभाषी घेऊन, मालकापासून बाजूला नेऊन, खलाशाला त्याच्या भाषेत विचारणं क्वचित. कागदपत्रं जुळत होतीच. ती तर बेंजिनाच्या दफनभूमीतही जुळत होती.

आपल्याकडेही आता बोटींवर यंत्रं येताहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्या योजनेचं देशपातळीवर उद्घाटन झालं. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख ट्रान्सपॉन्डर, खर्च सुमारे ३६० कोटी, तंत्रज्ञान इस्रोचं. पालघर निवडणं बरोबरच होतं, तिथल्या कित्येक घरांतले खलाशी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात राहून आलेत. मी मूळची रत्नागिरीची. आमच्या मिरकरवाड्यात बोटीवर नेपाळी खलाशी हे लहानपणापासून सवयीचं दृश्य. तिथे बेंजिना चालू आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण नवं यंत्र बोटीचं असतं, बोटीच्या नावावर नोंदलेलं, आणि ते वापरतो तांडेल. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली : ते दोन्ही बाजूंनी बोलतं. म्हणजे बोटीवरूनही किनाऱ्याला निरोप पाठवता येतो. एआयएससारखं नुसतं 'मी इथे आहे' नाही.

या दोन्ही बाजूंच्या बोलण्यावरच एक लढा चालू आहे. तैवानच्या खोल समुद्रातल्या जहाजांवर हजारो इंडोनेशियन खलाशी आहेत. तिथल्या त्यांच्या संघटनेने, फोस्पीने, इतर कामगार संघटनांबरोबर मोहीम काढली : जहाजावर वाय-फाय द्या. पगाराआधी वाय-फाय कशाला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण पगार खात्यात जमा झाला की नाही, हे महिनोन्महिने समुद्रात असताना कळणार कसं? आजारी पडलं तर कप्तानाशिवाय कुणाला सांगणार? संघटनेची सभा कशी घेणार? बऱ्याच जहाजांवर उपग्रह-इंटरनेट असतंच, मालकाशी बोलायला, हवामान बघायला. फक्त त्याचा पासवर्ड खलाशांकडे नसतो. त्यांची मागणी नवीन यंत्राची कमी आणि आहे त्या यंत्रात त्यांना लॉगिन देण्याची जास्त आहे. मिळालेलं लॉगिन कप्तानाच्या मर्जीवर बंद होऊ नये, आणि त्यावरून काय बोललो ते कप्तानाला वाचता येऊ नये, एवढं त्यात धरलेलं आहे.